आरती वरनं येते

“भोंगा ऐकू आला होता का सगळ्यांना?” मॅडमनी विचारलं.

“हो!” अख्खी वाडी एका सुरात. शाळेत बाई पाढे म्हणा म्हणाल्यावर पोरं ओरडतात ना, अगदी तस्सं.

“कुठं जायचं ते माहीत होतं?”

“हो! शाळेत!”

“आणि लगेच निघालात?”

“लगेच!”

सरपंच मागे भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. प्रत्येक ‘हो’ला अशी मान हलवत होते, जसा काय त्यांच्याच पोरीचा दहावीचा निकाल लागतोय. आणि मी खाली फरशीवर उकिडवी बसून रांगोळीनं आमची जुनी वाडी काढत होते. म्हणजे जी वाडी आता नाहीच आहे ना, ती.

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही मध्ये मध्ये विचारत बसाल. मी तेव्हा नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. पुण्याच्या एका संस्थेतनं लोंढे मॅडम आल्या होत्या, बरोबर तन्मयदादा म्हणून एक मदतनीस. ग्रामपंचायतींनी आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे केलेले असतात बघा, पूर आला तर काय, दरड आली तर काय, कोणी कुठं पळायचं, भोंगा कोणी वाजवायचा. तर ते आराखडे खरंच कामाचे आहेत का नुसतेच कपाटात आहेत, ते तपासत त्या गावोगाव फिरत होत्या. बाकीच्या गावांत विचारायच्या, ‘समजा दरड आली तर?’ आमच्याकडे समजा नव्हतं. आमच्यावर डोंगर खरंच आला होता, आधीच्या भाद्रपदात. अख्खी वाडी गाडली गेली आणि माणसं सगळी वाचली. सरपंच तर सगळीकडे सांगत सुटलेले, तालुक्यात आपला पहिला नंबर लागणार म्हणून.

सगळी वाचली, एक सोडून. तो एक म्हणजे माझे बाबा.

तर मॅडमची पद्धत भारी होती. त्या भाषण करायच्या नाहीत. भिंतीवर मोठा कागद, त्यावर आराखड्यातली एकेक गोष्ट लिहिलेली, आणि लोकांनीच उठून मार्क द्यायचे. जमलं असेल तर हिरवी टिकली चिकटवायची, फसलं असेल तर लाल. खरं तर त्यांच्याकडे गोल स्टिकर असायचे, ते आदल्या गावात संपले, म्हणून तन्मयदादानं बाजारातनं बायकांच्या टिकल्यांची पाकिटं उचलली. आणि तो बिचारा प्रत्येकाच्या हातात देत चाललाय, लाल, हिरव्या, लाल, हिरव्या. भागी आजीपाशी आला तेव्हा ती ओरडली, “अरे मेल्या, माजा नवरा जाऊन तुज्या बापाचं वय झालं आन तू मला टिकल्या वाटतोस?”

काय हसले सगळे! दादा लालबुंद. “आजी, कपाळाला नाही, कागदाला लावायच्या...”

“कागदाला लाव नायतर डोंगराला लाव. दे हिकडं.”

मी पण हसले. आणि मग आईकडे बघितलं. आईच्या बोटावर लाल टिकली होती, आणि ती बोट तसंच धरून त्या टिकलीकडे बघत होती. बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी परत रांगोळीत मान घातली.

तर माझा नकाशा. आमची वाडी म्हणजे डोंगराच्या पोटाला चिकटलेली, एकाखाली एक घरं, मधून दगडी पायऱ्यांची पाखाडी. सगळ्यात वर अनंता काकांचं घर, मानाचं. मग उतरत उतरत सगळी घरं, आणि सगळ्यात खाली आमचं. आमच्या खाली वडाचा पार, पारावर भोंगा, मग वहाळ, म्हणजे ओढा, त्यावरचा साकव, लहानसा पूल, आणि साकवापलीकडे शाळा. मॅडम म्हणाल्या, “दरड कुठपर्यंत आली ते दाखव.” मी लाल रांगोळीनं रेघ ओढली. रेघ सगळ्या घरांवरून गेली आणि आमच्या घराच्या मागच्या पडवीपाशी थांबली. खरंच तिथेच थांबली होती. आमचं एकच घर राहिलं उभं.

कागदावर हिरव्या टिकल्यांची नुसती रांग लागली. भोंगा, हिरवा. रस्ता, हिरवा. शाळेतली सोय, हिरवी. एक बाई शाळेच्या संडासाला लाल टिकली लावायला उठली तर सरपंच म्हणाले, “वहिनी, ते आता दुरुस्त केलंय,” आणि तिनं निमूट हिरवी लावली.

मग मॅडम त्या ओळीवर आल्या. त्यांनी आवाज जरा खाली आणला. “एक मृत्यू आहे. त्याबद्दल मला समजून घ्यायचंय.”

बाहेर कोणाचं तरी कोंबडं ओरडत होतं तेवढंच.

सरपंच पुढे आले. “मॅडम, त्यात आराखड्याचा काही दोष नाही. तो माणूस जरा...” आणि त्यांनी अंगठा तोंडाकडे नेला. असा. आमच्यासमोर. आई तिथे बसलेली, मी खाली रांगोळीत हात घालून बसलेली, आणि यांचा अंगठा तोंडाकडे. “रेकॉर्डवर आहे. खिशात क्वार्टरची बाटली सापडली. सगळे शाळेत पोचले, हा परत वर गेला.”

“पंचनाम्यात आहे तसं,” अनंता काका म्हणाले. खाली बघून म्हणाले.

आता खोटं कशाला सांगू, बाबा प्यायचे. आधी. मी आठवीत असताना एकदा पिऊन पाखाडीवरून पडले, हात मोडला, आणि प्लास्टरमध्ये असताना मला म्हणाले, “बाय, तुज्या गळ्याशप्पथ, आता नाय.” आणि खरंच सोडली हो. मला बाय म्हणायचे ते. वाडीत मात्र कोणाला पटलं नाही कधी. एकदा पिणारा म्हणजे कायमचा पिणारा, असंच असतं ना. पंचायतीनं आराखडा केला तेव्हा भोंग्याचं काम कोण घेईना, हातानं गरागरा फिरवायला लागायचा, दंड भरून यायचे. बाबा म्हणाले, “मी घेतो, हातानं दुसरं काय चांगलं केलंय?”

मे महिन्यात रंगीत तालीम झाली, त्यात तर धमाल. तहसीलातून साहेब आलेले. बाबांनी भोंगा वाजवला, सगळे धावत शाळेत आले, आणि मग लक्षात आलं की जखमी माणूस कोणीच झालेला नाही आणि स्ट्रेचर तर आणलंय. सरपंच म्हणाले, “दौलत, तूच झोप.” बाबा झोपले. चौघं त्यांना साकवावरून नेतायत, साहेब फोटो काढतायत, आणि बाबांनी एक डोळा उघडून विचारलं, “च्या कधी हाय?” साहेबसुद्धा हसले. तो फोटो अजून पंचायतीच्या फलकावर आहे. बाबा डोळे मिटून झोपलेत, तोंडावर हसू दाबलेलं.

आणि मग तो दिवस. गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. पाऊस तर तीन दिवस थांबलाच नव्हता. दुपारची जेवणं चालली होती, मोदक होते, आणि तहसीलातून फोन आला की डोंगराला भेग दिसतेय, वाडी रिकामी करा. बाबा पानावरून तसेच उठले. हात धुतला नाही हो त्यांनी, पावसातच धुतला. आणि भोंगा सुरू झाला.

आम्ही सगळे निघालो. लोक पाखाडीवरून खाली उतरतायत, म्हाताऱ्यांना धरतायत, पोरं काखेला, आणि पारापाशी बाबा भोंगा फिरवतायत. सगळ्यांना त्यांच्यासमोरूनच जायला लागत होतं, दुसरी वाटच नाही. मी पण गेले. बाबा म्हणाले, “बाय, भागी आजीचा हात धर. साकवावर शेवाळ हाय. मी आलोच.”

आलोच म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यातून मी बघत होते. पावसात फार काही दिसायचं नाही, पण पार दिसायचा आणि आमच्या घराचं पुढचं दार दिसायचं. म्हातारेकोतारे सगळे उतरेपर्यंत दुपार सरली, मग कुठं भोंगा बंद झाला. पारावर कोण दिसेना. मला वाटलं आता येतील, साकवावर येतील. आई आत पोरांना बिस्किटं वाटत होती, मध्ये मध्ये दारात येऊन विचारायची, “आले का गं?” मी नाही म्हणायचे. दिवस मावळायला आला होता आणि तेव्हा तो आवाज झाला. ट्रकमधून खडी ओततात ना, तसा, पण तो संपायचाच नाही, ओततच राहायचा.

दरडीचा चिखल एका बाजूनं वहाळात उतरला होता, तिसऱ्या दिवशी बाबा त्यात सापडले. शर्टाच्या खिशात क्वार्टरची बाटली, बूच नाही, आत चिखल. पोलिसांनी लिहून घेतलं.

पण ऐका, बाटलीचं मला एवढं काही वाटलं नसतं. मी म्हटलं असतं, ती वाहून आली असेल, कोणाची तरी असेल. पण आमचं घर उभं होतं ना. दरड आली त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन सगळे बाबांना शोधायला गेले, तेव्हा आई आणि मी गेलो आत. गणपती जसाच्या तसा, गळ्यातला हारसुद्धा हललेला नाही. लोक म्हणाले, देवानं घर राखलं. आणि मग कोणीतरी म्हणालं, “समई बघा.”

समई विझलेली होती. कोरडी ठाक. वात जळून काळी झालेली.

मॅडमना ते माहीत नव्हतं. टिकल्यांच्या त्या बैठकीत आईनंच त्यांना सांगितलं. मॅडमनी पेन धरून विचारलं होतं, “‘नशेत असताना सूचना डावलून परत गेले,’ असं लिहिलंय पंचायतीनं. मी तेच पुढं पाठवू का? ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?” आणि आई, जी त्या दिवसापासून घराबाहेर धड बोलली नव्हती, ती म्हणाली, “आमच्या घरची समई विझलेली व्हती.”

“म्हणजे?”

“बाई, घरात गणपती असला की घर बंद करीत नाय आमी. कुलूप लावीत नाय. देवाला एकटं सोडीत नाय आन समई विझू देत नाय. मूर्ती बसवली की उत्तरपूजेबिगर हलवता पन येत नाय. त्या दिवशी सगळ्यांचे देव तसेच ऱ्हायले घरात.” आई थांबली. “मला वाटलं, ते समईसाठी गेले आसतील. मी सांगितलं नव्हतं. आपल्याच घरचं, बघतीलच, म्हटलं. पन समई तर विझलेली. मंग ते परत गेले कशाला? दुसरं काय आसनार? लिवा तुमी.”

लिवा तुमी, म्हणाली. आणि तेव्हा मला समजलं की आईनं पण मान्य केलं होतं. आम्ही दोघी एका पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि एकमेकींना कधी विचारलंच नव्हतं. मी तर बाबांशी बोलणंच सोडलं होतं. मेलेल्या माणसाशी बोलणं सोडता येतं, खरंच. आधी मी रोज मनात त्यांना काहीबाही सांगायचे, मग नाही सांगितलं. माझ्या गळ्याची शप्पथ घेतली होती ना त्यांनी.

मॅडमनी पेन टेकवलं.

“बाटली माजी व्हती.”

भागी आजी. ती उठून पण उभी राहिली नाही, बसल्या जागेवरून बोलली, आणि आवाज असा बारीक की मला आधी कळेचना कोण बोललं. ही बाई म्हणजे एरवी वाडीच्या ह्या टोकाला शिवी दिली की त्या टोकाला कळायची.

सरपंच म्हणाले, “आजी, तू पितेस काय?”

कोणी हसलं नाही.

“तेलाची बाटली. आमच्यात तेल त्यातच ठेवतात, सगळ्यांच्यात ठेवतात, तुज्या घरात पन आसंल. पारापाशी, ही पोरगी माजा हात धरायच्या आदी, मी त्येच्या हातात दिली. म्हटलं, दौलत, समईत तेल थोडंच हाय, संध्याकाळपतूर पुरायचं नाय, जरा जाऊन वतशील काय? माज्याच्यानं चडवत नाय परत. त्यो म्हनला, वततो म्हातारे, तू हो फुडं.” आजीनं पदर तोंडाला लावला. “पोलीस म्हनला, कोनी त्याला वर पाटवला आसंल तर त्याच्यावर गुन्हा व्हईल. मी भ्याले बाय. ह्या वयात मला चौकीवर नेतील, म्हटलं. मी गप ऱ्हायले.”

मी आईकडे बघितलं. आईचं बोट अजून तसंच, टिकली लावलेलं.

मॅडम हळूच म्हणाल्या, “म्हणजे ते तुमच्या समईसाठी वर गेले.”

“हा.”

“फक्त तुमच्या?”

आजी म्हणाली, “हा. माज्याच. माज्यामुळं गेला त्यो.”

आणि तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यातून सुनंदा काकीचा आवाज आला, “मी पन सांगितलं व्हतं.”

सगळे वळले. काकी रडत होती. “मी जाता जाता म्हटलं, भावोजी, आमच्याकडं पन जरा बघा. एवढंच म्हटलं.”

“आमी पन.”

“मी बी म्हनलो त्याला. साकवाकडं वळताना.”

“आमच्या ह्यांनी सांगितलं व्हतं...”

मी काय सांगू तुम्हाला! एकेक जण. प्रत्येक घरातलं कोण ना कोण. सगळे बाबांसमोरूनच गेले होते ना. प्रत्येकानं जाता जाता एवढंच म्हटलं होतं, दौलत, आमची तेवढी समई बघ. एकच समई. दोन मिनिटांचं काम. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच सांगितलं, आपल्यामुळंच तो गेला, आणि प्रत्येक जण एवढे महिने ते पोटात घेऊन बसलेला. आणि कोणीतरी तो पिऊन गेला म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटलं होतं. मग त्यात आपलं काही नाही ना.

बाबा एकाला पण नाही म्हणाले नव्हते.

सरपंच कधीचे भिंतीपासून पुढे आले होते, आता खाली बसले. मॅडमनी चष्मा काढला. मग त्या उठल्या आणि माझ्या रांगोळीपाशी येऊन बसल्या, अगदी मांडी घालून.

“मला एक कळत नाही,” त्या म्हणाल्या. “पार इथे खाली. हे तुमचं घर, पारापासून सगळ्यात जवळ. इथली समई विझलेली. म्हणजे ते इथे आलेच नाहीत. खालून सुरू करून वर का नाही गेले? भेग तर वर होती. त्यांना माहीत होतं ना ते? भोंगा तर त्यांनीच वाजवला.”

वाडीतल्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं, मला पण माहीत होतं. त्या क्षणी, तिथे बसल्या बसल्या, ते माझ्या अंगावरून असं आलं, डोंगरासारखं.

“आरती वरनं येते,” मी म्हटलं.

“काय?”

“गणपतीत रोज संध्याकाळी वाडीची आरती होते. सगळे मिळून घरोघरी जातो. पहिला मान वरच्या घराचा. तिथे आरती करायची, मग खालचं घर, मग त्याच्या खालचं. उलटं कोणी जात नाही. बाबा ढोलकी वाजवायचे आरतीला. आयुष्यभर ते तसेच गेले.” मी लाल रेघेच्या टोकाशी बोट ठेवलं. “आमचं घर शेवटी येतं.”

अनंता काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “मी त्याला पयलं वर जा म्हटलं नव्हतं, बाई,” ते मॅडमना म्हणाले, जसं काय त्या न्यायाधीशच आहेत. “देवाशप्पथ नव्हतं म्हटलं. समई बघ, एवढंच म्हटलं. वरनं सुरू कर, आसं कोन कोनाला सांगत नाय. सांगायला लागत नाय.”

तन्मयदादा दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला.

मग भागी आजी सरपटत सरपटत नकाशापाशी आली. “माजं घर कुटं हाय बाय?” मी दाखवलं. तिनं बोटावरची लाल टिकली काढली आणि त्या घरावर लावली. आणि मग सुनंदा काकी आली. मग बाकीचे. कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. वाकायचे, आपलं घर शोधायचे, टिकली लावायचे, उठायचे. अनंता काकांनी सगळ्यात वरच्या घरावर लावली आणि त्यांना उठताच येईना, त्यांच्या मुलानं उठवलं.

सगळ्या लाल टिकल्या, वरून खाली, एकाखाली एक. बाबांची वाट. कुठल्या घरापर्यंत ते पोचले होते, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. पण ते खाली यायला लागले होते. घराकडे यायला लागले होते.

मॅडमनी आईला विचारलं, “ताई, भोंग्याला सगळ्यांनी हिरवी लावलीय. तुम्ही काय लावाल?”

आईनं कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, “हिरवीच. चांगला वाजवला त्यांनी.” आणि उठून कागदापाशी गेली आणि भोंग्यासमोर हिरवी टिकली अशी दाबून दाबून लावली, जसं काय ती पडेल.

लाल टिकली तिच्याकडेच राहिली. ती तिनं नकाशावर लावली नाही. आमच्या घरावर काहीच नव्हतं.

निघताना मॅडमनी सरपंचांना विचारलं, “रंगीत तालीम कुठल्या महिन्यात घेतली होती?”

“मे.”

“मेमध्ये कोणाच्या घरात गणपती असतो?” त्या रागानं नाही म्हणाल्या. स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाल्या. “आणि मी पण आतापर्यंत सगळ्या गावांत मेचीच तारीख बघून मार्क दिलेत.” पंचायतीनं लिहिलेली ती ओळ त्यांनी सरपंचांसमोर खोडली. तिच्या जागी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. काय लिहिणार? अशा गोष्टीला रकाना कुठला?

त्या वर्षी गणपती आले ते पत्र्याच्या शेडमध्ये. शेड सगळ्या सपाट जमिनीवर, एका रांगेत, कोणाचं वर नाही कोणाचं खाली नाही. अनंता काका आदल्या दिवशी आमच्याकडे आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, “वैनी, सगळ्यांनी ठरवलंय. ह्या वर्षापासनं आरती तुमच्यापासनं सुरू करायची. पयला मान तुमचा.”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नको. जशी येते तशी येऊ दे. आमचं शेवटी.”

“पन वैनी...”

“शेवटी म्हटलं ना.”

पहिल्या दिवशी संध्याकाळी आरती निघाली. मी आईबरोबर घरातच थांबले. टाळांचा आवाज येत होता, एका शेडमध्ये थांबायचा, मग पुढे सरकायचा. ढोलकी नव्हती. बाबांची ढोलकी कोणी उचलली नव्हती, आणि नवी कोणी आणली पण नव्हती. आवाज जवळ आला आणि माझं लक्ष गेलं. आईनं समई घासूनपुसून ठेवली होती, वात घातली होती, तेल घातलं होतं. भागी आजीनं पाठवलेलं तेल, तसल्याच बाटलीतलं. पण समई लावलीच नव्हती. दिवसभर गणपतीसमोर नुसतं निरांजन होतं. मी म्हटलं, “आई, समई! लोक आले!”

“आसू दे,” आई म्हणाली.

सगळे दारात आले. आणि दारातच थबकले. गणपतीसमोर न लावलेली समई म्हणजे, तुम्हाला कसं सांगू, कोणाच्या घरात असं कोणी बघितलेलं नसतं. टाळ थांबले. आईनं काडेपेटी उचलली आणि अनंता काकांसमोर धरली.

“लावा,” ती म्हणाली. “एवढीच ऱ्हायली व्हती.”

काकांच्या हातातून पहिली काडी मोडली. दुसरी पण. मग भागी आजी पुढे झाली, तिनं काकांचा हात खालून धरला, तिच्यामागून सुनंदा काकीनं आजीचं कोपर धरलं, आणि कोणाकोणाचे हात, मला मोजता नाही आले, आणि ती काडी एकदाची पेटली.

आरती कोणाच्यानं धड म्हणवली नाही. अर्धी झाली आणि नुसती टाळांवर संपवली. प्रसाद घेतला, लोक गेले. आई समईसमोर बसून राहिली, आणि मला वाटलं आता रडेल, पण नाही. बराच वेळ झाला, बाहेर पाऊस सुरू झाला, आत झड यायला लागली. मी दार लावायला उठले.

“ऱ्हाऊ दे उघडं,” आई म्हणाली.

आम्ही ते उघडंच ठेवलं. गणपतीत तसंही लावत नाहीत.